पक्का गुडघा

"बघा, जरा तरी हलतोय का? खुंटा आहे खुंटा!" नडगी पुढे ओढून बघत डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

ओळंब्याला हसावं की रडावं कळेना. तो फरशा बसवणारा. केसभर वाकडं दिसलं तरी अख्खी ओळ उखडायचा, म्हणून सोबतच्यांनी ओळंबा हे नाव पाडलेलं. वर्षापूर्वी जिन्यावरून पाय घसरला आणि गुडघ्याच्या आतला बंध तुटला. डॉक्टरांनी तेव्हा दोन वाटा सांगितल्या होत्या. मांडीमागची दोरी काढून नवा बंध करायचा, नाहीतर गुडघ्याच्या वाटीखालची पट्टी हाडाच्या तुकड्यांसकट काढून बसवायची.

"जास्त पक्कं कुठलं?" यानं एवढंच विचारलं. फरशी काय नि गुडघा काय, पक्कं ते चांगलं!

"वाटीखालचं. पण गुडघा टेकताना दुखू शकतं हं."

"दुखू दे की! दुखण्याला कोण भितंय?"

त्यांनी धंदा विचारला नाही, यानं सांगितला नाही. झालं, वाटीखालचीच पट्टी बसली.

"टेकवतच नाही हो, डॉक्टर," तो आता म्हणाला. "टेकला की आत सुरी फिरते."

"मग टेकता कशाला? चाला, पळा, उड्या मारा!"

"मी फरशा बसवतो."

डॉक्टरांनी हातातली नडगी हळूच सोडली. म्हणाले, "काढलेली पट्टी परत नाही हो लावता येत."

घरी स्वयंपाकघराची जमीन अर्धीच झालेली होती. लोकांची घरं चकाचक केली, स्वतःचं राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी बायकोच गुडघ्यांवर बसली. हा स्टुलावर बसून सांगायचा, ती ठोकायची.

"अहो, ही नीट बसली ना?"

नव्हती बसली. कोपरा उचललेला होता, ओळ सरळ राहावी म्हणून ताणलेली सुतळी सोडून सांधा बोटभर बाहेर गेला होता. त्याचे हात शिवशिवले. तो खाली उतरला, गुडघा टेकला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. भिंतीला धरून तो कसाबसा स्टुलावर परतला. त्याला फार रडावंसं वाटलं.

"काढू का परत?" तिनं घाबरून विचारलं.

"नको. छान बसलीये," तो म्हणाला. "पुढची घे."

ती खुशीत वाकली. त्यानं ताणलेली सुतळी खिळ्यावरून सोडली आणि हळूहळू बोटांवर गुंडाळत बसला.