साळूच्या माहेरची वाट

बोरघळच्या वाडीत राहायला येऊन शिफाला दुसरं वर्ष लागलं होतं. आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, एसटी जिथून वळून माघारी फिरते त्याच्याही पुढं ही वाडी. घरांच्या मागं देवराई, आणि देवराईच्या मागं थेट कोकणकड्यापर्यंत बारा महिने हिरवं राहणारं दाट रान. अंजनी, जांभूळ, हिरडा अशी झाडं वर इतकी एकमेकांत गुंतलेली की भर दुपारीसुद्धा खाली उन्हाचे कवडसेच काय ते पडायचे.

पुण्याच्या एका संस्थेसाठी शिफा या रानातल्या जनावरांचा अभ्यास करत होती. झाडांच्या बुंध्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर तिनं कॅमेरे पट्ट्यानं आवळून बांधले होते. समोरून जिवंत काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढायचा. अधूनमधून रानात जाऊन कार्डं बदलायची आणि घरी येऊन फोटो बघत बसायचं, हे तिचं काम. तिला हवी असायची पिसोरी. मांजराएवढं ते हरीण दिवसाउजेडी कुणाच्या नजरेला पडत नाही. पण फोटो यायचे सगळ्यांचेच. सरपणाला जाणाऱ्या बायकांचेही. ते ती लगेच पुसून टाकायची. तसं तिनं आल्या आल्या वाडीत सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, आणि पाळलंही होतं.

धर्माजींच्या फोटोंची मात्र तिला गंमत वाटायची. शिफा त्यांच्याच घराच्या पडवीत भाड्यानं राहत होती. बाकी माणसांचे नुसते पाय यायचे, पण धर्माजी प्रत्येक कॅमेऱ्यापाशी वाकून आत डोकावायचे आणि हात जोडून राम राम करायचे. आत कुणीतरी बसलेलं आहे आणि त्याला न बोलता पुढं जाणं बरं दिसत नाही, अशी त्यांची समजूत होती. शिफानं एकदा समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी परत राम राम केला. त्यांचं विसरणं हल्ली वाढत चाललं होतं. जेवण झालेलं विसरायचे, मुलगा ऋतिक चाकणला कंपनीत असतो हे विसरायचे. एक बायको तेवढी विसरायचे नाहीत. साळूबाई जरा नजरेआड झाल्या की त्यांची शोधाशोध सुरू.

साळूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. भाकरी तव्यावर टाकायची ती शेजारी पडायची. शिफाच्या ते जिवाला लागलं. तिचं माहेर जुन्नरचं, बाजारपेठेतल्या गल्लीतलं. वडील निजामभाई शिलाईचं दुकान चालवायचे. तिनं तिथल्या डॉक्टरांची वेळ घेतली, आणि ऑपरेशननंतर चुलीचा धूर लागायला नको म्हणून साळूबाईंना आपल्याच घरी ठेवून घेतलं. "माझ्या बहिणीसारखं बघते त्यांना, तू काळजी करू नकोस," असं तिची आई रहिमाबी फोनवर म्हणाली.

साळूबाईंची चोख व्यवस्था झाली. धर्माजींचं काय होईल, याचा विचार कुणाच्या मनात आला नव्हता.

"साळू कुठं गेली?" ते सुनेला विचारायचे.

"जुन्नरला, आबा. डोळं दावायला," हर्षाली सांगायची.

ते बरं म्हणायचे, आणि चूल पेटायच्या आत पुन्हा तोच प्रश्न.

एका दुपारी हर्षाली खाचरातून भाताचा पेंढा घेऊन आली, तर ओटा रिकामा. काठी नाही, टोपी नाही, धर्माजी नाहीत. तिनं घरंदारं पालथी घातली. शेजारचे भागूतात्या ओढ्याकडं बघून आले. रोज कानावर जुन्नर जुन्नर पडत होतं, तेव्हा म्हातारा एसटीच्या रस्त्यानंच खाली गेला असणार, असं सगळ्यांना वाटलं. गडीमाणसं बॅटऱ्या घेऊन रस्त्यानं निघाली. खाली रेंज मिळताच त्यांनी फोन केला, आणि ऋतिक चाकणहून मोटरसायकलवर आला तो घरी न थांबता परस्पर त्यांना जाऊन मिळाला. साळूबाईंना इतक्यात काही कळवायचं नाही असं ठरलं. डोळ्यातून पाणी काढायचं नाही अशी त्यांना डॉक्टरांची ताकीद होती.

उजाडलं तरी तपास नव्हता. हर्षाली उंबऱ्यात बसली होती आणि पुढ्यातला चहा तसाच निवून गेला होता. शिफाला तिच्याकडं बघवेना. साळूबाईंना जुन्नरला नेलं कुणी? आपणच ना? ती पडवीत आली, दोरीवर वाळत घातलेली कार्डांची पिशवी तिनं काढली, आणि तेव्हा तिच्या मनात आलं.

"हर्षाली, रानातल्या कॅमेऱ्यांची कार्डं बघू या का?"

"रानात कशाला जातील आबा? रस्ता तर हिकडं खाली."

"नसतील गेले. पण बघून तर येऊ. इथं बसून काय करणार?"

हर्षाली उठली. भागूतात्याही संगं निघाले.

पहिला कॅमेरा देवराईच्या कडेला, वाट आत शिरते तिथं होता. शिफानं कार्ड काढून फोनला जोडलं. रानकोंबडा आला, जमिनीवर उतरलेलं शेकरू आलं, आणि मग सबंध पडदाभर धर्माजींचा चेहरा. पांढऱ्या मिश्या, डोक्यावर टोपी, जोडलेले हात. फोटो कालच्या दुपारचा होता.

हर्षालीनं तोंडावर पदर दाबला. भागूतात्यांनी काही न विचारता आल्या वाटेनं पळायला सुरुवात केली. रस्त्यावरच्या माणसांना फिरवून आणायला तेवढा एकच उपाय होता. वाडीत काय, रानात काय, फोनला रेंज नव्हती.

"ही वाट जाते कुठं?" शिफानं विचारलं. कॅमेरे लावायला ती या वाटेनं कितीदा गेली असेल, पण कडा आला की तिचं काम संपायचं.

"कड्यावरनं खाली कोकणात." हर्षाली बोलता बोलता थांबली. "ताई, आत्याबाईंचं माहेर हाय तिकडं. लगीन होऊन त्या ह्याच वाटेनं वर आल्या. रुसून गेल्या की आबा आणाया जायचं. आत्याबाई हसून हसून सांगतात कवाकवा." ती शिफाकडं बघत राहिली. "आमी जुन्नर जुन्नर करत ऱ्हायलो. त्येंच्या लेखी बायकू घरात न्हाई म्हंजी माहेरी गेली."

दोघी झपाझप चालू लागल्या. वाट ओलसर होती, पानांचा खच पडलेला, त्यात पाऊल उमटण्याची आशा नव्हती. दुसरा कॅमेरा पाणवठ्यापाशी. त्यात धर्माजी वाकले नव्हते, नुसते पायच आले होते. एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी. हर्षालीनं आजूबाजूची झुडपं काठीनं हलवून पाहिली. चप्पल काही मिळाली नाही.

तिसरा कॅमेरा बराच पुढं, दोन मोठ्या दगडांच्या मधून वाट निघते तिथं होता. तिथला फोटो काळापांढरा होता, म्हणजे धर्माजी तिथवर पोचले तेव्हा अंधारून आलेलं. दोन्ही पाय अनवाणी, काठी टेकलेली. शिफानं पुढचा फोटो उघडला.

त्याच वाटेवर, त्याच दिशेला तोंड करून, मान खाली घातलेला बिबट्या.

ती जुन्नरची होती. राजुरीला मामाच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडलेली तिनं लहानपणी पाहिली होती. बिबट्याचं नाव काढलं की इथली माणसं काय काय आठवतात, ते तिला सांगावं लागत नव्हतं. तिनं झटकन कार्ड काढून मुठीत धरलं. हर्षाली तिच्या मागंच उभी होती.

"दिसलं का आबा?"

"दिसले," शिफा म्हणाली. आवाज जमेल तेवढा सरळ ठेवला. "पुढंच गेलेत."

हर्षालीनं मान हलवली. बाजूची एक जाड वाळकी फांदी तिनं पायाखाली धरून मोडली, डहाळ्या तोडून नीट केली. "वाट निसरडी हाय," म्हणाली आणि शिफाला मागं टाकून स्वतः पुढं झाली. मग सगळ्या वाटेनं ती मोठमोठ्यानं हाका मारत गेली. मध्येच फांदी झाडाच्या बुंध्यावर आपटायची, पुन्हा हाक घालायची. शिफा तिच्या मागून चालत होती आणि प्रत्येक वळणाला दोन्ही बाजूंची झुडपं निरखत होती. वाटेवर कुठं काही लाल दिसलं की थबकायची. पिकलेली पानंच असायची ती.

रान विरळ झालं, वारा लागायला लागला. कड्याच्या अलीकडं कारवी माजली होती. तिथून हाकेला उत्तर आलं.

"कोन हाय?"

धर्माजी एका कपारीत पाय पसरून बसले होते. अंगावर ओरखडे, घोटा सुजून टम्म झालेला, थंडीनं ओठ निळसर पडलेले. पण डोळे लख्ख होते. हर्षाली त्यांच्यापाशी जाऊन मटकन बसली आणि त्यांचे पाय कुरवाळत रडायला लागली. शिफानं त्यांना घोट घोट पाणी पाजलं, आपलं जाकीट अंगावर घातलं. त्यांनी तिला राम राम केला.

"आबा, चला घरी. मान्सं येत्यात न्यायला," हर्षाली म्हणाली.

"तिला घेतल्याबिगर न्हाई."

"आत्याबाई जुन्नरला हायेत हो आबा."

"लई खोटं बोलती तू. रुसून गेलीया ती. पाय जरा बरा झाला की जातो खाली."

हर्षालीनं परोपरीनं सांगितलं, पण ते कड्याकडंच बघत बसले. शिफाच्या खिशात फोन वाजला. रात्रभर अडकून पडलेले निरोप एकामागून एक येत होते. कड्यावर कोकणातल्या टॉवरची रेंज मिळत होती. तिनं घरी फोन लावला.

"अम्मी, साळूबाईंना दे जरा."

"उठल्या की त्या मघाशीच. देते, थांब." रहिमाबीनं आणखी काही विचारलं नाही. लेकीच्या आवाजावरून तिला काय ते कळलं असावं.

शिफानं स्पीकर चालू करून फोन धर्माजींच्या कानापाशी धरला.

"साळू, कुठं हाईस?"

"जुन्नरला हाय. डोळ्याला पट्टी हाय माज्या. काय झालं?"

"माहेरी न्हाई गेलीस?"

"माहेरी आता कोन ऱ्हायलंय माजं? भाऊ गेला, भावजय गेली."

धर्माजींनी एकदा कड्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "रुसली न्हाईस?"

हर्षालीनं तोंड फिरवलं.

"न्हाई," साळूबाई म्हणाल्या. "तुमच्यावर कशाला रुसू? डाक्तरनं सोडलं की येतेच. तवर पोरीचं ऐका. भाकर खाल्ली का?"

"खातो आता."

फोन बंद झाला तसे धर्माजी काठी शोधू लागले. घरी जायला ते तयार होते.

दुपारच्या आत ऋतिक आणि वाडीची माणसं घोंगडीची झोळी करून त्यांना घेऊन गेली. घोट्याचं हाड शाबूत निघालं. ऋतिकनं दोन पाळ्यांची रजा टाकली आणि वडिलांच्या शेजारी अंथरूण घातलं.

साळूबाई आल्या त्या काळा चष्मा लावून, रहिमाबीनं दिलेला खोबऱ्याचा डबा हातात धरून. शिफाच त्यांना आणायला गेली होती. येताना एसटीत तिनं त्यांना सगळं सांगितलं. माझ्यामुळं झालं, असंही म्हणाली. साळूबाईंनी तिचा हात हातात घेतला. "त्यो रोज उठून कुटंतरी जातोच बाई. तू नसती तर ह्या टायमाला कुटं शोधला असता?" घरी त्यांनी ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या धर्माजींनी त्यांना, न सांगता गेलीस, म्हणून दम भरला. साळूबाईंनी तो ऐकून घेतला आणि आपल्या नव्या डोळ्यानं त्यांच्याकडं बघत राहिल्या.

संध्याकाळी शिफा पडवीत जुने फोटो चाळत होती. त्या दगडांमधल्या वाटेवरचे मागच्या कितीतरी महिन्यांचे फोटो तिनं उघडले; पिसोरीच्या नादात ते ती भराभर पुढं सरकवत आली होती. तोच बिबट्या, पाठीवरचे तेच ठिपके, अंधार पडला की त्याच दिशेनं जाणारा. धर्माजींच्या मागावर तो नव्हताच. ती त्याची नेहमीची वाट होती. शिफाच्या मनावरचं ओझं थोडं उतरलं. हर्षाली तांदूळ निवडत बसली होती, तिला ती म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तिसऱ्या कॅमेऱ्यात आबांच्या मागं..."

"वाघ व्हता," हर्षाली खाली मान घालूनच म्हणाली. "बघितला म्या. तुज्या खांद्यावरनं."

शिफानं लॅपटॉपवरून मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"तू कार्ड मुठीत दडवलंस. म्हटलं, म्या बी ह्येला बघितलंय हे कळलं तर ही मला म्होरं जाऊ द्यायची न्हाई. आन् मला तर जायाचंच व्हतं." तिनं सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "म्हनून तर फांदी मोडली. म्हनून वरडत गेले. कसली निसरडी वाट, राव."

शिफाला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिनं लॅपटॉप हर्षालीकडं वळवला आणि त्या बिबट्याचे मागचे सगळे फोटो एकेक करून दाखवले. हर्षालीनं ते नीट बघितले.

"त्यो बी रोज जातो म्हन की," ती म्हणाली. "पन तवा मला काय ठावं." मग सूप बाजूला ठेवून विचारलं, "तुजी ती पिसोरी कुटं हाय, ती दाव."

शिफानं दाखवली. पाणवठ्याच्या काठाला एक पाय उचलून उभी असलेली, अंगावर पांढरे ठिपके, काड्यांसारखे पाय. हर्षाली माहेरी काय, सासरी काय, याच रानाच्या कडेला राहिली होती आणि पिसोरी तिनं आजवर कधी पाहिली नव्हती.

"पुढल्या खेपंला मीबी येते कार्डं बदलाया," ती म्हणाली. आतून साळूबाईंनी हाक मारली, तशी ती तांदूळ घेऊन उठली.