वाघजाईला सोडलेलं तट्टू

मी एक जुनं तट्टू आहे. घोडा नव्हे, तट्टू. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या बोलण्यात आमची काय किंमत आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. कुणी पैशासाठी दुसऱ्याची बाजू घेतली की तुम्ही त्याला 'भाड्याचं तट्टू' म्हणता. कुठे काम अडलं की म्हणता, 'इथं घोडं पेंड खातंय.' अहो, कामाच्या अख्ख्या बारा वर्षांत मी पेंड नुसती हुंगलीसुद्धा नाही! काम अडायचं माणसांचं आणि नाव व्हायचं आमचं.

माझा जन्म मुळशीच्या डोंगरातला. तीन वर्षांचा झालो आणि हैबतरावांनी मला विकत घेतलं. त्यांच्या कोळशाच्या भट्ट्या ताम्हिणीकडच्या रानात होत्या. माझ्या पाठीवर खोगीर, दोन्ही अंगांना एकेक पोतं कोळसा, आणि रोज डोंगर उतरून पौडाच्या वाटेपर्यंत चाल. कोळशानं मी इतका काळा झालो की माझं नावच काजळ्या पडलं. माझा खरा रंग कोणता हे कुणी विचारलं नाही. पुढे पुढे तर मीही विसरून गेलो.

कौतुकही झालं, ते नाकारणार नाही. पावसाळ्यात धुकं असं दाटायचं की पुढचा माणूस दिसू नये. तेव्हा हैबतराव माझी शेपटी धरून चालायचे आणि मी सगळ्यांना सुखरूप खाली आणायचो. "माजा काजळ्या डोळं झाकून वाट काडतो," असं ते चार माणसांत सांगायचे. तेवढ्या शब्दांवर मी आणखी एक चढ चढायचो. वेडा होतो, दुसरं काय!

मग खोगिराची गादी फाटली. आतला पेंढा बाहेर आला आणि लाकूड पाठीला घासू लागलं. आमच्याकडे याला 'पाठ लागली' म्हणतात. चार दिवस ओझं उतरवून ठेवलं असतं तर ती बरीही झाली असती. हैबतरावांनी जखमेवर गोणपाट टाकलं आणि त्याच्यावर पुन्हा खोगीर आवळलं. जखम चिघळली, तिच्यात किडे पडले. एके दिवशी ओढा ओलांडताना माझा गुडघा मुडपला आणि मी ओझ्यासकट खाली बसलो. तोंडावर काठ्या बसल्या, तरी उठता आलं नाही.

आता नीट ऐका. हैबतरावांनी मला हाकलून दिलं नाही. हाकललं म्हटलं की गाव तोंडात शेण घालतं. आमच्या भागात त्यावर एक सोज्वळ तोड आहे. गावाच्या वर वाघजाईची राई आहे, भोवती दगडांचा गडगा घातलेली दाट झाडी. निकामी झालेलं जनावर तिथे न्यायचं, देवीपुढे भंडारा उधळायचा आणि म्हणायचं, "आई, तुजं तुला." बस्स, झालं जनावर देवीचं! हैबतरावांनीही तेच केलं. बहिरू गुरव तिथे साक्षीला उभा होता. हैबतरावांनी हात जोडले आणि मागे वळून न बघता ते निघून गेले.

राईचा कायदा कडक होता. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी बाहेर न्यायची नाही, नेली तर देवी कोपते. या भीतीनं लोक देवीच्या जनावरालाही हात लावत नसत. माझ्याआधी एक आंधळा बैल सोडलेला होता. तो गडग्याला अंग टेकून उभा असायचा. आम्ही दोघं माशा हाकायचो आणि वाट बघायचो. कशाची, ते तुम्हाला कळलंच असेल.

आठव्या दिवशी गोजराबाई आली. खालच्या आळीतली कुणब्याची विधवा बाई, बोलण्याला फटकळ. नवसाचा नारळ आणि दहीभात घेऊन आली होती. ती माझ्याजवळून गेली, थांबली, नाकाला पदर लावून परत आली आणि तिनं माझी पाठ बघितली. मग तो सगळा दहीभात तिनं माझ्यापुढे ठेवला.

बहिरू गुरव ओरडला, "अगं, काय करतियास? निवद देवीचा हाय!"

"आन् हे तट्टू कुणाचं हाय?"

"देवीचंच की."

"मग देवीच्या घरात निवद देवीच्याच जनावरानं खाल्ला. तुजं पोट का दुकतंय? आईच्या दारात जीव सडतोय आन् म्या नारळ फोडू व्हय? आईला तरी ग्वाड लागंल का त्यो?"

"राईतलं काय बी भाईर न्यायचं न्हाई, गोजरा. सांगून ठिवतो."

"भाईर न्यायचं न्हाई. पर आत आणायला कुणी बंदी केलीया?"

बहिरू डोकं खाजवत देवळात निघून गेला. खरोखरच, तशी बंदी कुणी घातलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं डोंगरावरच्या वस्तीतून बाळाबाईला आणलं. बाळाबाई रानात हिंडून झाडपाला गोळा करणारी, चार शब्दांच्या जागी एकच बोलणारी. तिनं सीताफळीचा पाला वाटून त्याचा लगदा जखमेत भरला. आग अशी उठली की मी तिला चावलो. होय, चावलो! तिनं दंडावरचं रक्त पुसलं आणि ती म्हणाली, "जगंल." किडे गेल्यावर रोज करंजाचं तेल आणि हळद. जुन्या लुगड्याचं फडकं पाठीवर. डोक्यावर पेंढ्याचा भारा आणि कमरेवर पाण्याची कळशी घेऊन गोजराबाई तो चढ चढायची. जी वाट मी ओझं घेऊन उतरायचो, तीच ती माझ्यासाठी ओझं घेऊन चढत होती. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला रडू आलं. घोडी रडत नाहीत असं कोण म्हणतो?

गाव हसलं. "सोताच्या दावणीला शेळी न्हाई आन् देवीची गुरं राखतीया," असं पाणवठ्यावर बोलणं व्हायचं. पण हसणाऱ्यांतलीच रंभाबाई एके सकाळी गुपचूप भाताचा कोंडा ठेवून गेली. मग धोंडाबाई आली. सोमवारी आळीपाळीनं यायचं ठरलं. धरणाच्या कडेला गाळात रुतलेली एक भाकड म्हैस या बायांनी दोर लावून ओढून काढली आणि थेट राईत आणली. आंधळ्या बैलाला सोबत झाली. आणि एका सोमवारी, मित्रांनो, गोजराबाईनं मला पेंड आणली! मी सावकाश, चवीनं खाल्ली. त्या दिवशी जगातलं कोणतंही काम अडलं नाही, एवढं मी तुम्हाला सांगू शकतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात बायांनी मला रिठ्यानं घासून धुतलं. कोळशाचं काळं पाणी वाहत राहिलं, वाहत राहिलं, आणि खालून मी निघालो पांढराशुभ्र! लहानपणी करडा होतो, वयानं पांढरा होत गेलो होतो, पण कोळशाखाली ते दिसणार कुणाला?

तिथंच सगळा घोटाळा झाला. हैबतरावांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि वरातीला पांढरा घोडा हवा होता. राईत एक असल्याचं त्यांनी ऐकलं आणि ते आले. माझ्याभोवती फिरले, खूश झाले. "झकास जनावर हाय! कुणाचं?" बारा वर्षं माझी शेपटी धरून चाललेला माणूस मला ओळखत नव्हता. मग त्यांची नजर माझ्या कानावर गेली, भट्टीवर असतानाच फाटलेल्या.

"आरं, ह्यो तर माजा काजळ्या!" त्यांनी लगेच माझ्या गळ्यात दावं अडकवलं. "ब्येस झालं. वरात झाली की भट्टीवर घालतो. अजून लई जोर हाय."

ते दावं गळ्याला लागलं आणि माझ्या पाठीची भरलेली जखम पुन्हा ठणकल्यासारखी वाटली. आता गेलो तर परत येणं नाही, हे मला कळत होतं.

गडग्याच्या वाटेत गोजराबाई आडवी उभी राहिली. तिच्या शेजारी बाळाबाई, मागे रंभाबाई आणि धोंडाबाई.

"हैबतराव, दावं सोडा."

"घोडं माजं हाय."

"व्हतं. आईफुडं भंडारा उधळून काय बोलला हुता?"

"त्ये बोलायचं असतंय गं! रीत हाय."

"रीत हाय तर रीतच पाळा. हितली वाळकी काटकी भाईर जात न्हाई, मग चार पायांचं जनावर कसं जाईल? बहिरू, तू हुतास. बोल की!"

बहिरू गुरव जन्माचा भित्रा. हैबतरावांच्या शेतात त्याचं पोट. तो घाम पुसत उभा राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हनलं व्हतं. 'आई, तुजं तुला' म्हनलं व्हतं. म्या ऐकलंय."

"न्या तुमी," गोजराबाई शांतपणे म्हणाली. "लगनाच्या तोंडावर आईचं उचलून न्या. मग घरात काय झालं तर आमच्याकडं येऊ नका."

हैबतरावांनी दावं जोरात ओढलं. मी चारही पाय रोवले. आयुष्यभर ओढलं तिकडे गेलेला मी, त्या दिवशी तसूभरही हललो नाही. लाथ मारली नाही. मारायची होती, खोटं कशाला बोलू? हैबतरावांनी देवळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात सैल पडला. नवरदेव बैलगाडीतून गेला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आंधळा बैल राईतच शांतपणे गेला, बायांनी त्याला माती दिली. राईत आता नऊ जनावरं आहेत. जनावर सोडायला कुणी आलं की गोजराबाई गडग्यापाशी त्याला अडवते आणि भंडारा हातातून काढून घेते. "आईचं नाव घिऊ नगं," ती म्हणते. "'म्या सोडलं' आसं म्हन. मोट्यानं म्हन, मग सोड." आणि मित्रांनो, तुम्हाला सांगतो, ते दोन शब्द म्हणताना भल्याभल्यांची जीभ अडते. निम्मी माणसं जनावराला घेऊन खाली मान घालून घरी परततात.

तुम्हीही कधी म्हाताऱ्या जनावराचं दावं सोडायला निघालात तर आधी तेवढं म्हणून बघा. मी इथेच आहे. पाठीवरून हात फिरवायचा असेल तर खुशाल या. खोगीर घेऊन आलात, तर मात्र या वेळी लाथ चुकायची नाही.