सुपात उरलेला कंगवा

म्हाळसाचं नाव पटावर चढलं तर हिंदुराव गुरुजींना काय काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढं त्यांच्या चांगुलपणाबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको.

डाळजपासून आत मुरमाच्या वाटेनं गेलं की कोकरे वस्तीची दोन खोल्यांची शाळा लागायची. शहाण्णव सालच्या जूनमध्ये तिचा पट भरला चाळीस. तालुक्याच्या विस्तार अधिकारी साहेबांनी बजावून ठेवलं होतं, की सप्टेंबरच्या तपासणीत एक्केचाळीस पोरं दिसली नाहीत तर दुसरा शिक्षक उचलून मोठ्या शाळेला देणार. दुसरा शिक्षक म्हणजे जळोचीचे राम गुरुजी. ते होते म्हणून हिंदुरावांच्या वाट्याला चाराऐवजी दोन वर्ग यायचे. ते होते म्हणून शनिवारची सकाळची शाळा नऊलाच त्यांच्या गळ्यात घालून हिंदुरावांची एम-एटी फटफटी माळेगावच्या आपल्या उसाकडं सुटायची. तेव्हा एक्केचाळिसावं पोर म्हणजे दोन वर्गांची सुटका आणि वर्षभराचे शनिवार. त्यासाठी द्यायचं काय, तर दाराजवळची हातभर सतरंजी.

वस्तीवर शाळेत न घातलेलं एकच पोर उरलं होतं. आबाजी कोकऱ्यांची नात. आबाजींच्या पोरांनी मेंढरं सोडून ऊस धरला होता, म्हातारा मात्र अजून साठ मेंढरं राखून होता.

"आबा, म्हाळसाला शाळेत घालू," गुरुजी म्हणाले.

आबाजींनी मेंढराच्या खुरातला काटा काढता काढता मान वर केली. "अकराची झाली ती. ल्हानपणी ताप डोक्यात गेला, तवापासनं दोन कामं सांगितली तर एक करती. तुमी काय शिकवणार तिला?"

"शिकवायचं माझ्याकडं लागलं. तुम्ही नुसती बसवा."

"बसंल की. बसायला काय, दगूडबी बसतोय."

म्हाळसा बसली. गुरुजींनी तिच्या नावापुढच्या रकान्यात 'मतिमंद' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि कागद तालुक्याला धाडून दिला. इथं त्यांचा हिशोब पहिल्यांदा चुकला. त्या रकान्यात काही लिहिलं की तालुक्याहून माणूस येतो, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

जुलैच्या पहिल्या मंगळवारी कौसल्याबाई आल्या. अशा मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणाऱ्या शिक्षिका. इंदापूरहून एसटीनं डाळज फाट्यावर उतरायच्या आणि तिथून चालत. इथले त्यांचे वार मंगळवार-शुक्रवार.

"म्हाळसा काय शिकली, गुरुजी?"

"बसायला शिकली की, बाई. महिन्यात एकदाही जागची उठली नाही."

"लघवीलासुद्धा नाही?"

गुरुजींनी चुन्याच्या डबीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. या बाईंशी बोलताना पुढचं वाक्य आधी तपासून घ्यावं लागणार, एवढं त्यांना समजलं.

बाईंनी चिंचोके मांडले, काड्या मांडल्या, बांगड्या मांडल्या. म्हाळसा चारपर्यंत यायची. पाचवा चिंचोका पुढं आला की म्हणायची, "लई हायत," आणि दाराबाहेर बघायची. तीन आठवडे गेले. चौथ्या शुक्रवारी बाई म्हणाल्या, तिच्या घरी जायचं. आजोबांचं ऐकल्यावर बाईंची उमेद आपोआप ढिली पडेल, अशा हिशोबानं गुरुजी आनंदानं सोबत गेले.

आबाजी मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी बसले होते. मेंढरं रानातून आत शिरत होती. कौसल्याबाईंनी विचारलं, "आबा, तुम्ही मोजता कशी?"

"मोजायची कशाला?"

"मग एखादं राहिलं तर कळतं कसं?"

"कोण न्हाय ते दिसतंय की, बाई. आता बघा, काळतोंडी मागं ऱ्हायलीय." तेवढ्यात काळ्या तोंडाची मेंढी कुंपणाला वळसा घालून आली. "अन् मोजली, साठ भरली, पर त्यातलं एक दुसऱ्याच्या कळपातलं निघालं, तर? मोजणारा खूश अन् माझं मेंढरू रानात. आमच्या म्हाळसाला इचारा. तिलाबी दिसतंय."

गुरुजी हसले. कौसल्याबाई हसल्या नाहीत. निघताना त्यांनी आबाजींकडून एक जुनं सूप मागून घेतलं.

मंगळवारी त्यांनी प्रत्येक पोराकडून एकेक वस्तू मागितली. ट्रॅक्टर चालवणाऱ्या भिमाच्या सोनबानं मोठा नट आणला. पहिलीतल्या सुप्रियानं निळी बांगडी दिली. कुणी गोटी, कुणी चिलटासारखं बारीक बटण. सगळं सुपात गेलं. रोज सकाळी म्हाळसानं सूप घेऊन फिरायचं आणि ज्याची त्याला वस्तू द्यायची. सुपात ज्याची वस्तू उरेल, ते पोर आलेलं नाही. सुट्टीला आणि घरी जाताना पोरांनी वस्तू परत सुपात टाकायच्या. मग उरलेल्या वस्तू मोजायच्या. त्या बहुतेक चाराच्या आतच असायच्या आणि चारापर्यंत म्हाळसा पक्की होती.

तिसऱ्या दिवशी ती सूप घेऊन हिंदुरावांच्या टेबलापुढं उभी राहिली आणि हलेना.

"काय गं?"

"तुमचं?"

कळप म्हटला की त्यात गुरुजीही आले. हिंदुरावांनी मुकाट्यानं चुन्याची रिकामी डबी दिली. राम गुरुजींनी खिशातला कंगवा दिला. तासातासाला भांग पाडणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं हा त्याग मोठाच होता.

तेव्हापासून सकाळचा शिरस्ता बसला. म्हाळसा यायची, उरलेल्या वस्तू टेबलावर मांडायची, "सुप्रिया न्हाय. येक," म्हणायची. हिंदुराव म्हणायचे, "बरोबर." तो शब्द ऐकल्याशिवाय ती जागेवर बसत नसे. ऑगस्ट संपेपर्यंत ती सातावर पोचली. आठ आणि नऊ अजून एकमेकांच्या जागी बसायचे, पण बाईंना घाई नव्हती.

त्याच ऑगस्टात एक गोष्ट घडली. मधल्या सुट्टीनंतर हिंदुरावांनी स्वतः डोकी मोजली, सगळी भरली. खडू हातात घेतला तर पुन्हा वस्तू वाटून म्हाळसा सूप घेऊन पुढं. सुपात निळी बांगडी.

"अगं, आत्ता मोजलीत मी."

"सुप्रिया न्हाय."

गुरुजींनी पुन्हा मोजलं. पहिल्या वेळी त्यांनी दारातून डोकावणारं, अजून शाळेच्या वयाचं न झालेलं एक शेंबडं पोरही धरलं होतं. सुप्रिया कालव्याच्या काठाला सापडली, पाण्यात पाय सोडून बसलेली, वाहून चाललेल्या चपलेकडं बघत. गुरुजींनी तिला उचलून आणलं आणि त्या दिवशी दुपारी काही शिकवलं नाही. घरी जाताना त्यांनी म्हाळसाला विचारलं, "तुला कसं कळतं गं?" ती म्हणाली, "दिसतंय की."

एवढं झालं तरी माणूस बदलला वगैरे काही नाही. सप्टेंबर उजाडला तसे हिंदुराव पुन्हा आपल्या जुन्या हिशोबाला बसले. कारण तपासणीच्या आठ दिवस आधी भिमाला माळेगावच्या कारखान्यावर ट्रॅक्टरची नोकरी लागली आणि तो बायकोसकट चार पोरं घेऊन गेला. सोनबा, झुंबर, प्रतिक्षा आणि धाकटा राजवर्धन. पट झाला सदतीस. पण घाईत भिमानं शाळेचे दाखले नेले नव्हते. दाखला नेला नाही तोवर पोरं आपलीच, असं गुरुजींनी स्वतःला समजावलं. फक्त ती दिसायला हवी होती. पलीकडच्या एका वस्तीच्या शाळेची तपासणी उरकली होती आणि तिथले मुख्याध्यापक दोस्तातले होते. त्यांनी चार पोरं एका दिवसापुरती दिली. बदल्यात पोरांना एकेक बिस्किटपुडा.

"तू सोनबा," गुरुजींनी पढवलं. "नाव घेतलं की हजर म्हणायचं. तू झुंबर. तू प्रतिक्षा. आणि तू राजवर्धन."

"माझं नाव बरं हाय त्याच्यापरीस," चौथं पोर म्हणालं.

"आजच्या दिवस राजवर्धन हो. बिस्किट खा."

तपासणी बुधवारी होती. बुधवार कौसल्याबाईंचा वार नव्हता, हेही गुरुजींनी धरलं होतं. सकाळी सूप कपाटावर ढकलून दिलं. म्हाळसा आली, सूप जागेवर दिसेना, तशी ती दाराशी उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

अकराला जीप आली. साहेब उतरले आणि मागच्या दारानं कौसल्याबाई उतरल्या. तपासणीसाठी त्या मुद्दाम आल्या होत्या आणि साहेबांनी त्यांना फाट्यावरून उचललं होतं.

हजेरी झाली. एक्केचाळीस वेळा "हजर" आलं. साहेबांनी डोकी मोजली, पेनाचं टोपण काढलं. "बसतंय, हिंदुराव. दुसरा शिक्षक राहील तुमचा."

"साहेब, सही करायच्या आधी म्हाळसाची हजेरी बघा," कौसल्याबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांचं काम आहे तिचं."

"बाई, साहेबांना अजून तीन शाळा आहेत," हिंदुराव म्हणाले.

"बघू की. पाच मिनिटांनी काय होतंय," साहेब म्हणाले.

"सूप कुठंय, गुरुजी?" बाईंनी विचारलं.

"उंदरांनी कुरतडलं जरा. दुरुस्तीला..."

म्हाळसानं कपाटाच्या माथ्याकडं बोट केलं. राम गुरुजींनी हात उंच करून सूप खाली काढलं. आपल्याच जागेचा कडेलोट होतोय हे त्यांना कळलं असेल, तर ते त्यांच्या तोंडावर दिसलं नाही.

म्हाळसा निघाली. गोटी, बटण, बांगडी. सोनबाच्या जागेवर बसलेल्या पोरानं हात पुढं केला. म्हाळसानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, सुपातल्या नटाकडं पाहिलं आणि पुढं गेली. असं चार वेळा झालं. राम गुरुजींना कंगवा मिळाला, हिंदुरावांना डबी. मग तिनं उरलेल्या वस्तू टेबलावर मांडल्या.

"सोनबा न्हाय. झुंबर न्हाय. प्रतिक्षा न्हाय. राजवर्धन न्हाय. चार." थोडं थांबून तिनं रिकाम्या हातांच्या चौघांकडं बोट केलं. "ही आपली न्हाईत. दुसऱ्याच्या कळपातली हायत."

राजवर्धन झालेलं पोर बिस्किट चावत होतं.

साहेबांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि म्हाळसाच्या नावापुढच्या रकान्यावर पेन टेकवलं. "मतिमंद. तुमचंच अक्षर आहे ना, हिंदुराव? मग पोरगी चुकली असेल." ते गुरुजींकडं बघत राहिले. "तुम्ही म्हणा चुकली, मी सही करतो."

साहेबांनी दार उघडून धरलं होतं, एका शब्दात पलीकडं जाता येत होतं. पलीकडं दोन वर्ग होते, शनिवार होते, माळेगावचा ऊस होता. आणि टेबलापाशी म्हाळसा उभी होती. तिला साहेब ठाऊक नव्हते, सही ठाऊक नव्हती. ती फक्त रोजच्या शब्दाची वाट बघत होती, तो आल्याशिवाय तिला बसता येत नव्हतं. आज तिला चुकली म्हटलं, की उद्यापासून ती स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवणार नव्हती.

"बरोबर," हिंदुराव म्हणाले.

म्हाळसा जाऊन बसली.

"साहेब, ही पोरगी चुकत नाही," गुरुजी पुढं म्हणाले. आता बोलायला लागलेच होते. "मी मोजलं ते चुकलं होतं ऑगस्टात. हिनं सांगितलं म्हणून एक पोर कालव्यावरनं परत आलं. ही चार मी मागून आणलीत. लिहा सदतीस."

साहेबांनी लिहिलं सदतीस. खाली लेखी खुलासा मागवला. मग 'मतिमंद' शब्दाला हात न लावता त्याच्या शेजारी शेरा मारला, की सदर विद्यार्थिनीची हजेरी अचूक आहे. पेनाला टोपण लावत म्हणाले, "हिंदुराव, सूप जपून ठेवा. रजिस्टरपेक्षा खरं आहे."

आठवड्याभरात आबाजी शाळेच्या दारात आले. "आता एक कमी काय अन् जास्त काय, तुमचा मास्तर तर गेलाच. पोरगी घिऊन जाऊ का? मेंढरांमागं माणूस पायजे."

"आबा, चार वर्ग एकट्यानं हाकायचेत मला. मेंढरांमागं दुसरं कुणी बघा. म्हाळसा मला पाहिजे."

"बसायला?"

"नाही आबा," गुरुजी म्हणाले. "फिरायला."

आता जमाखर्च. राम गुरुजींना जळोचीपासून हाकेच्या अंतरावर बदली मिळाली, जिच्यासाठी ते तीन वर्षं अर्ज करत होते. पेढे द्यायला आले तेव्हा खिशात नवा कंगवा होता. चार उसन्या पोरांना बिस्किटपुडे मिळाले, एकानं तर दोन घेतले. सोनबाचा नट आणि भावंडांच्या वस्तू गुरुजींनी एका रविवारी माळेगावला नेऊन दिल्या. कौसल्याबाईंची म्हाळसा दिवाळीपर्यंत बारावर गेली. आबाजींनी मेंढरांमागं धाकट्या सुनेला धाडलं आणि तिची बोलणी ऐकून घेतली. बाकी सगळं भरलं ते हिंदुरावांनी: दोन जादा वर्ग, एक लेखी खुलासा, वर्षाचे सगळे शनिवार. आणि रोज सकाळी, सदतीस वस्तू वाटून झाल्यावर, टेबलावर राम गुरुजींचा जुना कंगवा यायचा.

"राम गुरुजी न्हाईत. येक."

"बरोबर," हिंदुराव म्हणायचे, आणि चारही वर्गांना पाटी काढायला सांगायचे.