मंगळवारचा नवरा

बलात्कार पुरुषावरही होतो, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, उत्तर युगांडातल्या गुलू शहराच्या एका हॉटेलात, शेंगदाण्यांची बशी पुढ्यात ठेवून पाच दिवस शिकवण्यात आलं. तोपर्यंत मी सव्वीस वर्षं दवाखाना चालवत होतो.

खरं तर मी डॉक्टर नाही. तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण खरा डॉक्टर साठ किलोमीटरवर असल्यामुळे आमच्या पालेमो गावातले लोक मलाच डॉक्टर म्हणतात, आणि मीही कुणाला दुरुस्त करत बसत नाही. गुलूच्या त्या शिबिराला मी आणि आमच्या दवाखान्यातली नर्स, सिस्टर अचिरो, असे दोघे गेलो होतो. शिकवायला कंपालाहून डॉ. नाकिटो म्हणून एक लहानखुऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी पहिल्याच सकाळी विचारलं, "गेल्या वर्षभरात तुमच्याकडे असे किती पुरुष आले?"

तीस जणांत एकही हात वर गेला नाही. मागे बसलेला एक हवालदार खुदकन हसला.

"बरं. आणि वर्षानुवर्षं कंबर दुखते म्हणणारे, पण फोटोत काहीच न सापडणारे?"

हवालदाराचं हसू थांबलं. मी मनातल्या मनात मोजायला लागलो. पाचाच्या पुढे गेल्यावर मोजणं थांबवलं, कारण चहा आला होता.

पाच दिवसांत आम्ही बरंच शिकलो. टेबलाआड बसायचं नाही. 'ओरडला का नाहीस' असं विचारायचं नाही. माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, त्याने सांगितलेलं दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, आणि पुढे काय करायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. मग एकमेकांवर सराव. मी पीडित झालो आणि सिस्टर अचिरो मला धीर द्यायला बसली. दोन मिनिटांत तिने मला सरळ बसायला लावलं, तिसऱ्या मिनिटाला स्पष्ट बोल म्हणून दटावलं. तिला प्रमाणपत्र मिळालं. मलाही मिळालं.

परत आल्यावर अशा पुरुषांना भेटायच्या खोलीचा प्रश्न आला. दवाखान्यात दार नीट लागेल अशी एकच खोली, गरोदर बायकांच्या तपासणीला लागून. तिच्यावर पाटी काय लावायची? खरं लिहिलं असतं तर त्या दारातून उंदीरही आत शिरला नसता. मी डोकं लढवलं आणि 'पुरुषांची कंबरदुखी' अशी पाटी रंगवून घेतली. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस पुरुष आले. वीटभट्टीवाले, मोटारसायकलवर भाडं मारणारे बोडावाले, एक पाद्री. सगळ्यांची कंबर खरोखरच दुखत होती. तिसऱ्या दिवशी गोळ्या संपल्या, चौथ्या दिवशी पाटी उतरवली.

मग आम्ही रेडिओवर सांगितलं. लढाईच्या दिवसांत, गावं उठवून लोकांना ठेवलं होतं त्या छावणीत, ज्या पुरुषांवर बोलता येणार नाही असं काही गुदरलं असेल, त्यांनी मंगळवारी पालेमोच्या दवाखान्यात यावं, कुणी काही विचारणार नाही. मंगळवार हाच गरोदर बायकांचाही वार, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. येणार कसं? तो वीस वर्षांपासून तसाच होता.

चार मंगळवार गेले. एकही पुरुष आला नाही. म्हणजे आम्हाला तरी तसंच वाटत होतं.

पाचव्या मंगळवारी सिस्टर अचिरो एका माणसाला दंडाला धरून माझ्याकडे घेऊन आली. पंचेचाळिशीचा, काटकुळा, हातांना सायकलच्या साखळीचं काळं तेल. किडेगा. बाजाराच्या कोपऱ्यावर पंक्चर काढतो.

"डॉक्टर, हा बैल बघा," सिस्टर म्हणाली. तिला हळू बोलता येत नाही, देवाने ती सोय दिलेलीच नाही. "तीन मंगळवार, तीन बायका! तिघींनाही सातवा-आठवा. तिघींबरोबर एचआयव्हीला बोट टोचून घेतलं. आणि आजच्या बायकोचं नाव विचारलं तर म्हणतो, तिलाच विचारा!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नवऱ्याला बरोबर आणणारीचा नंबर आधी, असा आमच्याकडे नियम आहे. पुरुषांनी बायकोच्या बाळंतपणात लक्ष घालावं म्हणून कुणा शहाण्याने तो काढला. त्यामुळे पुरुषांनी किती लक्ष घातलं ठाऊक नाही, पण बायका नवरे उसने आणायला लागल्या. फाटकाशी उभे असलेले बोडावाले तर दिवसाला दोन-तीन ठिकाणी नवरा होतात. पण ते निदान नावं तरी पाठ करून येतात.

सिस्टरने दार आपटलं. मी प्रमाणपत्रधारी माणूस, टेबलाआड बसलो आणि किडेगाला चांगलं पाव तास फैलावर घेतलं. पोरं काय सायकली आहेत का, हवा भरली आणि सोडली? आणि घरच्या बायकोचं काय? त्याने सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाला, "तुम्ही रेडिओवर मंगळवारी या म्हणालात, लादित. मी तीन मंगळवार आलो."

लादित म्हणजे थोरामोठ्यांना म्हणतात ते. त्या क्षणी मी फारसा थोर दिसत नसणार.

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाकावर बसलो की एखादी येते, 'भाऊ, जरा माझा नवरा हो ना' म्हणते, आणि घेऊन जाते."

"नाही म्हणायचं!"

"नाही म्हटलं तर विचारेल ना, मग इथे कशाला बसलायस?"

मी उठलो, खुर्ची टेबलाच्या अलीकडे आणली आणि तोंड बंद ठेवलं. शिबिरात हे सोपं वाटलं होतं. किडेगाने तीन-चारच वाक्यं सांगितली. छावणीबाहेर सरपण आणायला गेला होता. बंदूकवाले चार होते. याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून परसाकडे जाताना रक्त जातं, आणि गेल्या पावसाळ्यापासून फार जातं. लालामला, म्हणजे त्याच्या बायकोला, यातलं काही ठाऊक नाही.

त्याच्या पापण्यांची आतली बाजू रक्त नसल्यासारखी पांढरीफटक होती. तपासून त्याला गुलूला शस्त्रक्रियेसाठी पाठवायला हवं होतं, नाहीतर तो वर्षभरही काढेल असं वाटत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"आज नको," तो म्हणाला. "पुढच्या मंगळवारी."

त्याचं त्याने ठरवायचं असतं. मी मान हलवली.

मधल्या आठवड्यात सिस्टरच्या आवाजाने आपलं काम केलं. किडेगाने तीन बायका केल्या आणि तिघी एकदमच गरोदर, ही बातमी बाजारभर झाली. आमच्या गावाचा स्वभाव असा, की कुणीही नावं ठेवली नाहीत. ज्या माणसाला अठरा वर्षं मूलबाळ नाही म्हणून लोक नुसतं पंक्चर काढायला सांगत होते, त्याच्या दुकानाशी आता थांबून हात मिळवायला लागले. कुळातल्या म्हाताऱ्याने तर त्याला शेजारी बसवून घेतलं आणि मटणाच्या पातेल्यातून मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला.

पुढच्या मंगळवारी किडेगा आला तो इस्त्री केलेला शर्ट घालून. बसला नाही.

"राहू द्या आता, लादित," तो म्हणाला. "लोक मला माणसात घ्यायला लागलेत. गुलूला गेलो तर विचारतील कशाला गेला. आता विचारायला पुष्कळ लोक आहेत मला."

"किडेगा, मरशील."

"मरेन. पण तीन बायकांचा नवरा म्हणून मरेन."

मी काय बोलावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. दार उघडलं. सिस्टर अचिरो दोन्ही हात पसरून मागे मागे सरकत आत आली आणि तिच्या पाठोपाठ एक उंच बाई. हातात मुसळ. ही लालाम, हे कुणी सांगायची गरज पडली नाही.

"कुठायत त्या तिघी?" तिने मला विचारलं.

"मला सांगता येणार नाही."

"म्हणजे आहेत!"

"माझ्या वहीत आहेत!" सिस्टर म्हणाली. मग माझ्याकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदाच, गप्प झाली.

लालामने मुसळ उगारलं नाही. किडेगासमोर जाऊन उभी राहिली. "तीन केल्यास, कर. तुझ्या काकानेही केल्या, मी काही जगावेगळी नाही. मला एकच सांग. अठरा वर्षं तू माझ्याकडे पाठ करून झोपतोस. मी म्हणायचे, माझ्याच अंगात काही नासलंय. पाल्याचा धूर घेतला, म्हातारीकडून औषध आणून प्यायले, आठ दिवस उलट्या झाल्या. तू विचारलंस, काय झालं, मी म्हटलं, भाजी बाधली. त्या तिघींकडे नाही ना पाठ करत? म्हणजे माझ्यातच होतं. एवढं तोंडाने सांग, मी जाते."

किडेगाचा एक शब्द पुरला असता. 'हो' म्हटलं असतं की शर्टाची इस्त्री, म्हाताऱ्याच्या शेजारची जागा, सगळं शाबूत राहिलं असतं. मला राहवेना. मी तोंड उघडलं, आणि सिस्टर अचिरोने आपला सरकारी बूट माझ्या पायावर असा दाबला की ते परत मिटलं. शिबिरावर झालेला सगळा खर्च तिथे वसूल झाला, असं मला वाटतं.

"तुझ्यात काही नव्हतं," किडेगा म्हणाला. मग मला म्हणाला, "लादित, तुम्ही बाहेर जा. सिस्टर, तुम्हीही."

आम्ही बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. बाकावर चौदा गरोदर बायका आणि नऊ नवरे, खरेखोटे, दाराकडे कान लावून बसले होते. आतून लालामचा आवाज आला, "काय म्हणालास?" आणि सगळा बाक एकदम पुढे झुकला.

"काय बघताय!" सिस्टर गरजली. "स्तनपानाचं गाणं कुणी म्हणायचं? उठा! टाळ्या! नवऱ्यांनीही! जो म्हणणार नाही त्याच्या बायकोचा नंबर शेवटी!"

दर मंगळवारी बायकांकडून ते गाणं म्हणून घेतलं जातंच, पण इतक्या मोठ्याने ते पालेमोत कधी झालं नसेल. सिस्टर पुढे उभी राहून हात नाचवत होती. एक बोडावाला 'पहिलं पिवळं दूध टाकू नका' असं जीव तोडून म्हणत होता. आत काय चाललंय ते मला, दाराला टेकून उभा असूनही, ऐकू येत नव्हतं. बाकावरच्यांना तर नाहीच.

गाणं दोनदा संपलं, सिस्टरने तिसऱ्यांदा सुरू केलं, तेव्हा दार किलकिलं झालं. लालाम होती. मुसळ कुठे दिसलं नाही. डोक्याचा रुमाल सुटून खांद्यावर आला होता आणि डोळे सुजले होते.

"तपासून घेतो म्हणतोय. कोण तपासणार?"

"मी."

"तुम्ही रागावला होतात म्हणे त्याला."

"हो. चुकलं माझं."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. उसना नवरा म्हणूनही तिने मला घेतलं नसतं. मग आत येऊ दिलं.

किडेगा तपासणीच्या खाटेच्या कडेला बसला होता. काय करणार आहे, कुठे हात लावणार आहे, कधी दुखेल, हे मी त्याला एकेक करून सांगितलं. नको वाटलं तर कधीही थांब म्हण, असंही सांगितलं. त्याने ऐकलं, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"मी थांबू का जाऊ?" लालामने त्याला विचारलं.

मी हातमोज्यांचा डबा उघडून त्यात बघत राहिलो.

"थांब," तो म्हणाला. "पण बघू नकोस."

तिने सुटलेला रुमाल डोळ्यांवर ओढून घेतला आणि एक हात पुढे केला. किडेगाने कमरेचा पट्टा सोडला, तिच्या हातात दिला आणि कुशीवर वळला. बाहेर चौथ्यांदा पहिलं कडवं सुरू झालं.