मिठाची रेघ

"वयनी, टेकव! रेघेवर टेकव!" मी बोंबलले.

केसरवयनी पालथी पडली होती. पाठीवर ओडिशाच्या दोन पोरी, हातात बॉल आणि बोटभर पुढे शेवटची पांढरी रेघ. रग्बी लीगमध्ये रेघेवर बॉल टेकला तरी ट्राय धरतात. चार पॉइंट. आम्ही दोननंच मागे होतो. वेळ संपलेली, त्यात ही आमची शेवटची टॅकल, म्हणजे शेवटची संधी.

वयनीनं टेकवलाच नाही. बॉल उचलून रेघेवरून पलीकडे न्यायला गेली आणि हातातून सुटला. शिट्टी. खलास.

जिंकलो असतो तर आमचा क्लब देशाच्या दुसऱ्या गटातून पहिल्यात गेला असता. वयनीचा गुडघा कामातून गेलेला, पुढच्या वर्षी ती नसणार. "एकदा वरच्या गटात खेलाचा हाय, मंग बसन घरी," हे वर्षभर तिनंच ऐकवलेलं.

माझं डोकं फिरलं. "डोले फुटले काय तुजे? एवढी रेघ दिसली न्हाय?"

"दिसली ना. म्हनून तर."

म्हनून तर काय? ती रेघेपाशी बसून बूट काढत राहिली.

मी शाळा सोडलीय, पण अर्धी गोष्ट मला पचत नाही. रेघेवर बोट फिरवलं, जिभेला लावलं. खारट!

"पियूषदादा, ही फक्की न्हाय, मीठ हाय!"

आमचा कोच कान खाजवत म्हणाला, "फक्की सकाली संपली. बाजूला मिठागर हाय, मारली रेघ. काय फरक परतो?"

वयनी लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच मिठागरात राबते. मिठाला चुकून पाय लागला तर हात लावून डोळ्यांना लावते. सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी उचलावं लागतं, म्हणतात आमच्यात.

"अगं, पन अख्खी मॅच तुडवला आपन!"

"तवा ठाऊक नव्हता. परल्यावर नाक तिथंच होता, वास आला. कलल्यावर कसा आपटू त्याच्यावर?"

"आनि पयला गट?"

"गेला."

तिनं जर्सीचा ओचा केला आणि मीठ गोळा करायला लागली. ओडिशाची कॅप्टन हात मिळवायला आली. वयनीचे दोन्ही हात मिठानं भरलेले. तिनं कोपर पुढे केलं.

गुडघा वाकत नव्हता, म्हणून एक पाय लांब करून ती बसल्या बसल्या सरकत होती. मी दुसऱ्या टोकापासून भरायला घेतलं. शिव्या देतच.