एकही तक्रार नाही

शेकोटी विझत आली होती. ब्रह्मपुरीजवळच्या आपल्या घराच्या अंगणात सुभेदार देवराव लोणारे बूट पुसत बसले होते. फौज सोडून नऊ वर्षे झाली, तरी त्यांचा हा नेम चुकला नव्हता. बाजूला अंजनाबाई लाखोळीची भाजी खुडत होत्या.

"घासून घासून भोक पडन त्याले," त्या म्हणाल्या. "सलामी कोणाले देता आता? कोंबड्याईले?"

देवराव हसले. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि निवृत्त हेडमास्तर भैयाजी उतरले.

तालुक्यातल्या माजी सैनिकांनी त्या वर्षी एक समिती काढली होती; तिचे लिहिण्याचे काम भैयाजी पाहत. फौजेत ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचे किंवा त्याच्या घरच्यांचे गाऱ्हाणे ऐकायचे, शहानिशा करायची आणि वरपर्यंत न्यायचे. तिच्यावर ना कचेरीचा दाब होता, ना पुढाऱ्याचा. अडले होते ते प्रमुखापाशी.

"सुभेदारसाहेब, नाई म्हणू नका," भैयाजी म्हणाले. "आमाले मोठ्या हुद्द्याचा, निपक्ष माणूस पायजे. तुमच्या कंपनीतून सात वर्सांत एकही तक्रार वर गेली नाई म्हणते. असा माणूस जिल्ह्यात कुठी आहे?"

देवरावांच्या हातातले फडके थांबले.

"पह्यला अर्जही आला," भैयाजींनी कागद उलगडला. "वडशाकडची रुखमाबाई. नवरा लहानू तुमच्याच पलटणीत होता न? सतरा वर्सांपासून बेपत्ता आहे. भगोडा, फौजेतून पळालेला, म्हणून नाव लागलं. पोरगी सत्यशीला लग्नाची झाली, पण दोन सोयरिका मोडल्या. भगोड्याची पोर कोण करते? बाई म्हणते, माह्या नवऱ्यानं तक्रार केली होती, ती शोधा."

"रविवारी सांगतो," देवराव म्हणाले.

जीप गेली. देवराव आत गेले, लोखंडी पेटी उघडली आणि पदकांच्या डब्याखालून चार घड्यांचा कागद काढला.

त्यांची एक रीत होती. जवान गाऱ्हाणे घेऊन आला की ते त्याला चहा पाजत आणि म्हणत, "तक्रार काऊन लिवतं? रजेचा अर्ज लिवू." अर्ज ते स्वतः लिहून देत. दहा दिवस घरी जाऊन आला की माणूस निवत असे. तक्रार वर जात नसे, आणि कंपनीचे नाव चांगले राहत असे.

लहानूही असाच आला होता, पण तक्रार लिहूनच. लंगरात, सगळ्यांच्या जेवणघरात, हवालदार त्याचे ताट जातीवरून वेगळे ठेवायचा. देवरावही तशाच वस्तीतले, त्याच धम्मदीक्षेचे. त्यांनीही असले घोट गिळूनच फीत मिळवली होती. "गिळून टाक," ते म्हणाले होते आणि कागद ठेवून घेऊन त्याला रजेवर धाडले होते. लहानू रजेवरून परतला, तोवर हवालदाराला सगळे कळले होते आणि त्याने छळ वाढवला. दोन महिन्यांनी लहानू नाहीसा झाला. चौकशीत साहेबांनी विचारले, "याची काही तक्रार?" देवराव ताठ उभे राहून म्हणाले होते, "एकही तक्रार नाही, साहेब."

कागद मात्र त्यांच्याने जाळवला नव्हता.

दारात अंजनाबाई उभ्या होत्या. त्यांना सगळे सांगावे लागले.

"रुखमा इथी आली होती," त्या म्हणाल्या. "कडेवर पोरगी होती. म्या चहा मांडला, अन् तुमी म्हटलं, मले काई मालूम नाई. कागद तवाही याच पेटीत होता?"

देवरावांनी पेटी लावली, कागद हातातच राहिला.

"मंग खुर्चीवर बसून तिच्या अर्जावर निकाल कोणाचा लावान?"

रविवारी शाळेच्या खोलीत टेबलामागे खुर्ची मांडली होती, हार आणला होता. बाकावर रुखमा आणि सत्यशीला बसल्या होत्या. देवराव खुर्चीकडे गेलेच नाहीत. त्यांनी भैयाजींच्या हाती कागद दिला.

वाचता वाचता भैयाजींचा चेहरा उतरला. त्यांनी देवरावांना कोपऱ्यात नेले. "कागद सापडला म्हणू न! बाईचं काम होऊन जाईन. तुमचं नाव काऊन खराब करता? समितीचंही हसं होईन."

"हेच मी लहानूले सांगतलं होतं, गुरुजी," देवराव म्हणाले. "ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, तिथं माहं नाव लिवा."

मग त्यांनी तो कागद सर्वांदेखत वाचला. ताटाची ओळही न गाळता शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे माह्या बाबानं तक्रार केली होती?" सत्यशीलाने विचारले.

"केली होती, बाई. म्या दाबली."

रुखमाने कागद हाती घेतला. लहानूच्या वाकड्या सहीवर बोट ठेवले. घड्या जशाच्या तशा होत्या, कोपरासुद्धा दुमडला नव्हता.

"कागद लय जपला भाऊ तुमी," ती म्हणाली.

देवरावांना क्षमा मागायची होती. पण ती मागण्याचाही हक्क आपल्याला उरला आहे का, हे त्यांना कळेना. 'आमच्याकडे एकही तक्रार नाही,' असे आपणही कितीदा अभिमानाने म्हणतो! कोणाच्या घराबद्दल, कोणत्या गावाबद्दल, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

भैयाजींनी हार पिशवीत ठेवला आणि वही उघडली. "सांग रुखमाबाई. पह्यल्यापासून सांग."

ती सांगू लागली. देवराव तिच्यासमोर उभे राहून ऐकत होते. "बसा," असे त्यांना कोणी म्हटले नाही.