तपासणीचा दिवस

आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना एक खोड आहे. घरकामाला, आंघोळीला नगरपालिकेची मदत हवी असते. ती द्यायची की नाही हे ठरवायला माझ्यासारखी बाई घरी येणार असते. आणि ही माणसं आदल्या दिवशी घर घासूनपुसून लख्ख करून ठेवतात, अगदी खिडक्यांच्या काचासुद्धा. मग मी येते, लख्ख घर बघते आणि लिहिते की यांचं यांना जमतं आहे. बावीस वर्षं मी हे काम करते. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता वाटत नाही. ते कधी थांबलं, तेही लक्षात नाही.

थोर्किल आणि आस्ताकडे मी पहिल्यांदा गेले ती सप्टेंबरात. फ्योर्डच्या, म्हणजे आमच्याकडच्या लांबट खाडीच्या, काठाला बंद पडलेली डेअरी आहे, तिच्या मागचं पिवळ्या विटांचं घर. थोर्किल सत्त्याऐंशीचा, जन्मभर डेअरीचा टँकर चालवलेला. आस्ता दोन वर्षांनी लहान. गावच्या वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर तिने तीस वर्षं सांभाळलं. अलीकडे तिची आठवण जायला लागली होती. तिला आंघोळ घालताना थोर्किल घसरला, कपाळ फुटलं. पट्टी बदलायला गेलेल्या नर्सनेच आम्हाला कळवलं, की आंघोळीला माणूस द्या, नाहीतर पुढच्या खेपेला दोघंही पडतील.

मी दारात बूट काढले. आतून वेलदोड्याचा वास येत होता. टेबलावर ताजे बन, लोणी, चीज आणि वर खोबऱ्याचा खरपूस थर असलेला केक. आस्ताने निळा ब्लाउज घातला होता, केस विंचरलेले. तिने कॉफी ओतली, एक थेंब सांडला नाही.

"फ्रीज बघायचा असेल ना तुम्हाला?" ती म्हणाली आणि मी उत्तर द्यायच्या आत तिने तो उघडलाही. "चार अंश. शिजवलेलं वर, कच्चं मांस खाली. पाव झाकलेला. तुमच्या आधीची बाई भलती खडूस होती, पण तिलाही कधी काही सापडलं नाही."

मला वाटलं, थट्टा करते आहे. मी हसले.

"आंघोळीचं कसं करता?" मी थोर्किलला विचारलं.

"जमतं की."

"आणि हे कपाळ?"

"सायकलवरून पडलो."

"सायकल कुठली आणलीस?" आस्ता म्हणाली. "ती तर तू विकलीस."

"बघ," तो मला म्हणाला, "हिची आठवण माझ्यापेक्षा धड आहे."

आम्ही तिघंही हसलो. मग मी न्हाणीघर बघायला गेले. फरशी कोरडी ठणठणीत होती. आंघोळीच्या स्टुलावर इस्त्री केलेल्या टॉवेलांची चळत होती, म्हणजे त्या स्टुलावर बरेच दिवस कुणी बसलं नव्हतं. हे मला कळलं. न कळायला मी काही काल नोकरीला लागलेली नाही. पण बारा वाजायच्या आत मला आणखी दोन घरं करायची होती आणि ही दोघं सगळं जमतं म्हणत होती. मी लिहिलं : दोन वेळा प्रशिक्षक पाठवून स्वतःची आंघोळ स्वतः कशी करावी हे शिकवावं. मदतनिसाची गरज नाही.

पाच आठवड्यांनी थोर्किलचा फोन आला.

"दोर्ते, तू परत कधी येणार आहेस?"

"निर्णयाविरुद्ध तक्रार करायची आहे का?"

"छे, तक्रार कसली. आपलं विचारतोय."

"मला असं उगाच येता येत नाही, थोर्किल. परिस्थिती बदलली असेल तर पुन्हा अर्ज घेता येतो. बदलली आहे का?"

तो हळूच म्हणाला, "ती इथेच बसली आहे."

त्यावर मी जे बोलले, ते बोलायला मला परवानगी नाही. "मंगळवारी येते. पण ऐका. आवरू नका, काही भाजू नका, टॉवेल लावू नका. घर आहे तसं मला दिसू द्या."

"आवरायचं नाही?"

"अजिबात नाही."

"बरं," तो म्हणाला. चांगुलपणाने मी हे केलं असं म्हणायला मला आवडेल. पण फोन ठेवला आणि मी पुढची फाईल उघडली, एवढंच मला आठवतं.

मंगळवारी गेले तर घर आरशासारखं. बन, केक, निळा ब्लाउज. थोर्किल मात्र एक हात कमरेवर ठेवून, भिंत धरून चालत होता. कॉफी आणायला आस्ता आत गेली, तसं मी त्याला दारापाशी गाठलं.

"पुन्हा पडलात."

"घसरलो जरासा."

"आणि मी काय सांगितलं होतं? आवरू नका म्हणून."

"मी कुठे आवरलं? तिने आवरलं." त्याने आतल्या दाराकडे बघितलं. "तू येणार म्हटलं की तिला वाटतं, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराची तपासणी आहे. तीन दिवस आधीपासून तिची धांदल सुरू होते. मला कामाला जुंपते, ओरडते. थोर्किल, हे काय पुसणं झालं, म्हणते. थोर्किल म्हणते, कळलं ना? एरवी मी तिचा बाप असतो, नाहीतर पोस्टमन. तू गेलीस की दुसऱ्या दिवशी सगळं संपतं."

"म्हणून फोन केलात?"

"म्हणून."

"तुम्ही लोकांना कॉफीला बोलवत जा ना."

"मुलगी येते, शेजारीण येते. त्यांच्यासाठी ती खुर्चीतून उठतसुद्धा नाही. त्या काय तपासायला येतात?"

मी त्याला सांगितलं की आंघोळीची मदत मी आजच मंजूर करते आहे, आठवड्यातून तीन सकाळी.

"आणि मग तू कधी येणार?"

"वर्षाने. मंजूर झालं की वर्षभर आम्हाला यायचं कारण नसतं."

"आणि नामंजूर केलंस तर?"

"तर बदल झाल्यावर पुन्हा अर्ज करता येतो."

"मग नामंजूर कर." हे तो इतक्या सहज म्हणाला की मी बूट शोधायला लागले. "बदल काय, दर महिन्याला होतोच आहे. मी कळवत जाईन."

"पुढच्या वेळी हाड मोडेल तुमचं. नाहीतर तिचं."

"मी जपून घसरेन."

"थोर्किल, मदतनीस येतील ना. त्यांच्याशीही बोलेल ती."

"त्यांच्यापुढे तिला कपडे काढायचे आहेत, दोर्ते. तुझ्यापुढे ती घालते."

आस्ता कॉफीचा थर्मास घेऊन आली, म्हणून मी बसले. केक खाल्ला. तिने फ्रीज उघडून दाखवला आणि मी वाकून तापमान बघितलं. या वेळी मी हसले नाही.

"पास?" तिने विचारलं.

"पास."

"मला ठाऊकच होतं. पुढच्या वेळी न कळवता या बघू. खरी तपासणी तशीच असते."

थोर्किलने बशीतले कण बोटाने गोळा केले. निघताना त्याने मागच्यासारखाच माझा हात हातात घेऊन हलवला आणि आल्याबद्दल आभार मानले.

घराबाहेर गाडीत बसूनच मी फॉर्म भरते, म्हणजे घरांची सरमिसळ होत नाही. टॅबलेट मांडीवर घेतला आणि वर बघितलं तर ती दोघं खिडकीत उभी होती. आमच्याकडे पाहुण्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून हात हलवतात. माझी गाडी जागची हलत नव्हती, म्हणून त्यांचे हातही थांबत नव्हते. आस्ताचा हात चांगला डोक्याच्या वर होता. थोर्किलने एका हाताने खिडकीची कड धरली होती, दुसरा हलवत होता आणि माझ्याकडे बघत मान हलवत होता. नाही, नाही.

त्याच्या कमरेकडे बघता मंजूर हेच बरोबर होतं. कुणालाही विचारा. मी मंजूर केलं. बावीस वर्षांत मी शेकडो माणसांना नाही म्हटलं आहे आणि रात्री शांत झोपले आहे. त्या दिवशी हो म्हटलं आणि मला लाज वाटली. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटलं, तेही हे.

आस्ताचा हात आता कोपरात वाकायला लागला होता, पण मी गेल्याशिवाय ती तो खाली घेणार नव्हती. मी गाडी सुरू केली.